इंदूरचा उन्हाळा कमी विजेत कसा काढायचा: नव्याने आलेल्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पुण्या-मुंबईहून बदली होऊन इंदूरला आलेली कुटुंबं पहिल्या एप्रिलमध्ये बहुतेक एकच गोष्ट करतात: एसी घेतात. पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या खोलीसाठी दुसरा. त्यानंतर छतावर सोलर बसवण्याची चौकशी सुरू होते, आणि घर का तापतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कित्येकदा येतच नाही. हा लेख त्याच्या नेमक्या उलट क्रमाने लिहिला आहे: आधी ऊन, मग रात्र, मग पंखा, कूलर, एसी आणि शेवटी सौर. क्रम बदललात तर खर्च वाढतो, एवढं लक्षात ठेवा.

आधी हवामान समजून घ्या, कारण जुन्या गावच्या सवयी इथे चालत नाहीत. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळीस ओलांडतो, पण पहाटे तो बहुधा २४-२५ पर्यंत उतरतो. दिवस आणि रात्र यांत पंधरा अंशांचा फरक! ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, जी ख्याती आहे ती उगाच नाही. मुंबईत हा फरक मिळत नाही, आणि हवा दमट असल्याने कूलरही तिथे निरुपयोगी. नागपुरात कूलर चालतो, पण मेमधल्या रात्रीही तापलेल्या असतात. इंदुरात कोरडी हवा आणि गार रात्र, दोन्ही फुकट मिळतात. त्यांचा उपयोग करून घेणारं घर, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आता हे फक्त बिलापुरतं आहे का? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातले एसी सुमारे १६० कोटींवरून २०५० पर्यंत ५६० कोटींवर जातील, आणि या वाढीचा मोठा वाटा भारत, चीन, इंडोनेशिया यांचा असेल. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. भारत सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा काढला. दोन दशकांत थंडाव्याची मागणी आठपट होईल असा त्यातला हिशेब आहे, आणि २०३७-३८ पर्यंत ती २० ते २५ टक्क्यांनी कमी ठेवायचं उद्दिष्ट आहे. ही बचत नुसत्या यंत्रांतून निघत नाही. भिंत, छत आणि खिडकी यांतूनही ती काढावी लागते.

पहिली पायरी: घर बघतानाच

सुपर कॉरिडॉरला नोकरी, म्हणून तिकडच्या टाउनशिपमध्ये फ्लॅट. किंवा मराठी शेजार हवा म्हणून राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग. कुठेही बघा, पण दुपारी चारच्या सुमारास बघा. सकाळी अकराला सगळीच घरं छान वाटतात. चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. सगळ्यात वरचा मजला असेल तर छताखाली उभे राहा. डोक्याला धग जाणवली की भाव करायला एक मुद्दा मिळाला.

दुसरं, खिडक्या मोजा. निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या ‘इको निवास संहिता’ या केंद्राच्या नियमावलीत इंदूर ‘संमिश्र’ हवामानाच्या पट्ट्यात येतं. इथे उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के हवं. म्हणजे आठशे चौरस फुटांच्या फ्लॅटला शंभर चौरस फूट. यात एक गोम आहे. सरकत्या दोन पाखांची खिडकी निम्मीच उघडते, आणि हल्ली सगळीकडे तीच बसवतात. बिल्डर खिडकीचं पूर्ण माप सांगेल, तुम्ही निम्मं धरा. बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी असेल तर ते घर अर्धं जिंकलं. खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत उघडं असलं की वारा आरपार जातो; एकाच भिंतीत तीन खिडक्या असल्या तरी तो दारातच घुटमळतो.

नवी टाउनशिप असेल तर विक्री कार्यालयात ‘आरईटीव्ही किती?’ असं विचारून बघा. इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते याचं ते माप, आणि संहितेत त्याची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे. समोरचा बहुधा गोंधळेल. तरी विचारा, विचारणारे वाढले की उत्तरं तयार ठेवावी लागतात.

दुसरी पायरी: छत

कर्कवृत्त उज्जैनच्या जरा उत्तरेकडून जातं, म्हणजे मे-जूनमध्ये इंदुरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दिवसांत सगळ्यात जास्त मार छतालाच. उघडा सहा इंची काँक्रीटचा स्लॅब ही उष्णता दिवसभर शोषतो आणि रात्री तुमच्या पलंगावर सोडतो. वरच्या मजल्यावर रात्री दोनला पंख्याची हवा गरम लागते ती यामुळे.

स्वस्तातला उपाय पांढरा चुना. छत झाडून, धुऊन, चुन्यात चिकटपणासाठी थोडं फेव्हिकॉलसारखं द्रव्य कालवून दोन हात मारायचे. गुढीपाडव्याच्या आत हे काम उरकावं. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावं लागतं. पण खर्च इतका कमी की कुरकुर करण्यात अर्थ नाही. त्याहून वरचा उपाय म्हणजे ऊन परतवणारा पांढरा रंग, जो काही वर्षं टिकतो. घेताना डब्यावर ‘एसआरआय’, म्हणजे ऊन परतवण्याचा निर्देशांक, बघा, ७८ किंवा जास्त हवा. धूळ बसली की कोणताही पांढरा रंग काम करेनासा होतो, तेव्हा उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने झाडू आणि पाणी. कायमचा उपाय हवा तर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरश्यांचे तुकडे. वॉटरप्रूफिंगही त्यातच होतं.

छताचं वॉटरप्रूफिंग नाहीतरी काढायचंच असेल तर कोब्याखाली उष्णतारोधक थर घालून घ्या. साध्या स्लॅबमधून चौरस मीटरला दर अंशामागे तीनहून जास्त वॅट उष्णता आत येते. संहितेची मर्यादा १.२ आहे. पंचवीस मिलिमीटर एक्सपीएसच्या (थर्माकोलसारख्या, पण टणक फोमच्या) पाट्या घातल्या तरी ती गाठता येते, पन्नास घातल्या तर निश्चिंत. जुने मिस्त्री उलटी मडकी मांडून त्यावर कोबा करतात, तेही चालतं, फक्त वजन किती होतंय ते इंजिनिअरला विचारा.

फ्लॅटमध्ये छत सगळ्यांचं, म्हणून सोसायटीची परवानगी लागते. इथे खालच्या मजल्यांवरचे लोक ‘आम्हाला काय फायदा?’ म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी चुन्याचा खर्च स्वतः उचलून परवानगी तेवढी मागावी. बैठक पाच मिनिटांत संपते.

तिसरी पायरी: पश्चिम

दक्षिणेची खिडकी सोपी. इंदूरच्या अक्षांशावर चार फूट उंच खिडकीला डोक्यालगत पावणेदोन फुटांचा छज्जा असला की मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेवर पडत नाही, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरला की हवंहवंसं ऊन खिडकीच्या निम्म्याहून अधिक भागातून आत येतं.

पश्चिमेला हा हिशेब कोलमडतो. मेच्या मध्यात साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंशांवर असतो. तीच खिडकी छज्ज्याने झाकायची तर छज्जा सहा फुटांहून जास्त पुढे काढावा लागेल. म्हणून पश्चिमेला आडवं काही करू नका, उभं करा: बाहेरून बांबूची चिक, जाळी, लाकडी झडपा, किंवा हिरवं नेट. ‘बाहेरून’ हा शब्द महत्त्वाचा. काचेच्या आत लावलेला जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते आणि पडदाच तापून ती सोडत बसतो. आतल्या पडद्यांवर हजारो रुपये आणि बाहेर दोनशेची चिक नाही, हे चित्र घरोघरी दिसतं. काळी फिल्म लावायची असेल तर लावा. पण ती चिकेची जागा घेत नाही.

स्वतंत्र घर असेल तर पश्चिमेला कडुनिंब. चार-पाच वर्षं थांबावं लागेल. आणि पश्चिमेच्या खोलीत झोपू नका. तिथे कोठीची खोली, जिना, न्हाणीघर जाऊ द्या.

चौथी पायरी: रात्र आत घ्या

इथे खरी बचत आहे, आणि इथेच लोक सगळ्यात आळस करतात. दोन साधे तापमापक आणा. एक घरात, एक बाहेर सावलीत. सूर्यास्तानंतर बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की सगळ्या खिडक्या उघडायच्या. एप्रिल-मेमध्ये हे साधारण आठ-नऊला होतं. सकाळी बाहेरचा आकडा वर चढायला लागला, म्हणजे साडेसात-आठला, की सगळं बंद आणि चिका खाली. घड्याळ बघून करू नका, तापमापक बघून करा.

असं केल्याने रात्रभर भिंती आणि फरशी गार होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो गारवा परत देतात. विटेच्या जाड भिंती, कोटा किंवा साधी फरशी हे काम चांगलं करतात. सगळीकडे लाकडी पॅनेल आणि गालिचे घातलेत तर जमवलेली थंडी भिंतीपर्यंत पोचतच नाही. वारा कमी असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा रात्री एखादा तास चालवा, दुसऱ्या टोकाची खिडकी उघडी ठेवून. छत आधी पांढरं केलेलं असेल तरच या सगळ्याचा पूर्ण फायदा, नाहीतर रात्रभर गार केलेलं घर स्लॅब सकाळपर्यंत परत तापवतो.

अडचणी दोन: डास आणि चोर. जाळीच्या दुहेरी चौकटी बसवा. जाळी वारा थोडा अडवते, पण ते सोसायचं. तळमजल्यावर ग्रिल. रस्त्यालगतच्या घरांत आवाज आणि धूळ हा तिसरा त्रास, त्याला मात्र माझ्याकडे तोड नाही. मागच्या बाजूची खोली निजायला घ्या एवढंच.

पाचवी पायरी: पंखा

थोडक्यात: साधा छताचा पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, चार पंख्यांचे ऐंशी. मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्यांना पहिले शंभर युनिट शंभर रुपयांत मिळतात. लहान कुटुंबाला पंखे बदलूनच या रेषेच्या आत येता येतं. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही वीजबचतीचे तारे दाखवणारं लेबल सक्तीचं आहे, लेबल बघून घ्या. रिकाम्या खोलीत पंखा चालवून काही गार होत नाही. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही.

सहावी पायरी: कूलर

इंदूरची कोरडी दुपार कूलरसाठीच आहे. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता वीस टक्के असेल तर चांगला कूलर पंचवीस-सव्वीस अंशांची हवा देतो. वीज दोनशे वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालवला तर महिन्याला साठ युनिट. दीड टनाचा एसी सरासरी एक किलोवॅट धरून आठ तास चालवला तर २४० युनिट.

तरी ‘कूलरने चिकचिक होते’ अशी तक्रार करणारे भेटतात. दहापैकी नऊ घरांत कारण एकच: खोली बंद करून कूलर लावलेला असतो. कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा बसवा, आणि समोरची खिडकी किंवा दार हातभर उघडं ठेवा. आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर ओल साचणारच. कूलरचं धड उन्हात असेल तर त्यावर सावली करा.

जाळ्यांमध्ये हनीकॉम्ब टिकाऊ, गवताच्या स्वस्त पण दर हंगामाला बदलायच्या, आणि खसाच्या वासासाठी घ्यायच्या. बोअरचं पाणी जड असेल तर हनीकॉम्बवर पांढरा थर बसतो. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. डेंग्यूच्या डासासाठीही ते लागतंच.

पाण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. इंदूरचं नळाचं पाणी जलूदहून, नर्मदेतून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून चारशे मीटरहून जास्त उंच चढवून आणलेलं असतं. हजार लिटर पाणी एवढं उचलायला घर्षण वगैरे न धरताही एक युनिटहून जास्त वीज लागते. मोठा कूलर ऐन दुपारी तासाला दहा-बारा लिटर पाणी उडवतो, म्हणजे हजार लिटर आठ-दहा दिवसांत. विजेच्या हिशेबात हे एसीसमोर नगण्य आहे. पण पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा टाकीचा हिशेब आधी करा आणि कूलरची ओव्हरफ्लोची नळी मोरीत सोडण्याऐवजी कुंड्यांत सोडा. या पंपांच्या विजेसाठीच इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले. त्यातून जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा होता.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला की कूलर बंद. दमट हवेत तो चालवण्यात अर्थ नसतो.

सातवी पायरी: एसी, हवाच असेल तर

घरात म्हातारी माणसं, तान्हं बाळ, आजारी कोणी असेल तर एसी घ्यावाच. त्यात अपराध वाटून घेण्यासारखं काही नाही. पण एकच, निजण्याच्या खोलीत. आधीच्या पायऱ्या केल्या असतील तर १०×१२ च्या खोलीला एक टन पुरतो. दुकानदार दीड टन सुचवेल, कारण त्याला तुमचं छत ठाऊक नाही. तारे मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर, म्हणजे हंगामभराच्या वीजकार्यक्षमतेचा आकडा, बघा, आकडा मोठा तेवढी वीज कमी. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात. तिथून दर अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २६ वर ठेवा, पंखा मंद लावा. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते ही समजूत चुकीची आहे.

आता गॅस. एसीतला गॅस हवेत सुटला तर तो स्वतःच तापमानवाढ करतो. आर-४१०ए या प्रकारच्या गॅसचा एक किलो म्हणजे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम, जवळजवळ तीन हजार युनिट विजेइतका. आर-३२ चा ६७५ किलो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा आकडा अगदी एका अंकात. भारतात गोदरेजने २०१२ पासून असे एसी विकले. तो ज्वलनशील आहे, म्हणून प्रशिक्षित माणसाकडूनच बसवायचा. असे गॅस कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आर-४१०ए, आर-३२ सारख्या गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवून मग टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे.

म्हणून दरवर्षी मार्चमध्ये मेकॅनिक येऊन ‘गैस कम हो गई है, भिया’ म्हणाला की त्याला विचारा, गेला कुठे? एसीतला गॅस वापराने संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी गळती शोधून बुजवा, मग भरा. नुसता भरून घेणं म्हणजे पैसे भरून गॅस हवेत सोडणं. जुना एसी भंगारवाल्याला देऊ नका, तो नळी तोडून गॅस तिथेच सोडतो. अधिकृत ई-कचरा केंद्राकडे किंवा बदलीच्या योजनेत कंपनीला द्या.

प्लॉट घेऊन बांधणार असाल तर

माळव्याची काळी माती फुगते-आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि तिथेच पुष्कळ सिमेंट जातं. त्यावर काटकसर करू नका. काटकसर वर करा. सिमेंट ‘५३ ग्रेड’च हवं असा हट्ट कंत्राटदार धरतात, घराला राखमिश्रित पीपीसी चांगलं चालतं, त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, म्हणजे तेवढं क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल) कमी भाजावं लागतं. फक्त पाणी मारण्यात कुचराई नको. खंडवा जिल्ह्यात श्री सिंगाजी औष्णिक केंद्र असल्याने राखेच्या विटांसाठी कच्चा माल दूरचा नाही. पश्चिमेच्या भिंतीला मात्र एएसी, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचे हलके काँक्रीट ब्लॉक वापरा. आठ इंची ब्लॉकमधून नऊ इंची विटेच्या निम्म्याहून कमी उष्णता आत येते. कुशल गवंडी मिळाला तर रॅट-ट्रॅप बांधणी: विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची, विटा वीस-पंचवीस टक्के कमी लागतात आणि पोकळी उष्णताही अडवते. असा गवंडी मिळणं कठीण आहे, हेही सांगून ठेवतो.

नवं तंत्र डोळ्यांनी बघायचं तर कनाडियाला केंद्राच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पातली १,०२४ घरं आहेत, कारखान्यात तयार केलेल्या सँडविच पॅनेलची. १ जानेवारी २०२१ ला त्यांची पायाभरणी झाली. तिथे राहणाऱ्यांशी बोला, माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल. समोर पूर्ण काचेची भिंत सुचवणाऱ्या आर्किटेक्टला मात्र चहा पाजून निरोप द्यावा.

शेवटी सौर

वरचं सगळं झाल्यावर मे महिन्याचं बिल बघा आणि त्यावरून आकार ठरवा. आधी सोलर घेतलं तर तापलेल्या घरासाठी पाच किलोवॅट लागतं, नंतर घेतलं तर दोन-तीनमध्ये भागतं. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटमधून दिवसाला साधारण बारा युनिट मिळतात. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी बसवते. पॅनेलच्या चौकटी छतापासून निदान दोन-तीन फूट उंच ठेवायला सांगा: खालून वारा गेला की पॅनेल कमी तापून जास्त वीज देतात, स्लॅबला सावली मिळते, आणि दरवर्षी चुना मारायला खाली जागा उरते.